‘बस’ म्हणायचं नाही

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतल्या माणसाला सगळे ‘चौकशी’ म्हणूनच हाक मारत. ड्रायव्हर मारत, कंडक्टर मारत, झाडूवाली मारे. त्याच्या बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीही ‘काय गं, आज चौकशी आले नाहीत न्यायला?’ असं तिला छेडत. तेवीस वर्षं तो त्या खिडकीतून लोकांना उत्तरं देत आला होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, मधे कुठे थांबते, तिथं उतरल्यावर पाऊस लागेल का. या शेवटच्या प्रश्नालाही त्याच्याकडे उत्तर असे: ‘छत्री असू द्या.’ वेळापत्रक तोंडपाठ असल्यामुळे स्वतः कुणाला काही विचारायची वेळ त्याच्यावर फारशी आली नव्हती. ती आली चोपन्नाव्या वर्षी, एका शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, वेताच्या टोपलीतून.

टोपली त्याच्या थोरल्या बहिणीच्या हातात होती. ताई दुसऱ्या गावी कुत्री पाळायची. घरात एखादं कुत्रं नव्हे, परसात ओळीनं जाळीची घरं बांधून लांब कानांच्या कॉकर स्पॅनियल कुत्र्यांची पैदास करायची. तीस वर्षांत तिच्या कुत्र्यांनी प्रदर्शनांतून इतके कप आणले होते की ‘आमच्याकडे चहाला कप कमी पडत नाहीत’ असं तिचा नवरा सांगत सुटायचा. पण आता तिचे गुडघे गेले होते आणि रिंगणात कुत्र्याबरोबर धावणं संपलं होतं.

टोपलीतून एक तांबूस-पांढरं डोकं वर आलं. अकरा आठवड्यांचं मादी पिल्लू होतं.

‘ही शेवटची,’ ताई म्हणाली. ‘हिच्या आईला आता पिल्लं व्हायची नाहीत. मला हिला एकदा रिंगणात बघायचंय.’

‘मग तू ने की.’

‘मी काय रांगत जाऊ? तुझे पाय धड आहेत, तू ने.’

‘ताई, मला कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नाही.’

‘शिकशील. अट एकच. ही नऊ महिन्यांची होईल तेव्हा शेजारच्या शहरात प्रदर्शन आहे. मी येईन. बक्षीसबिक्षीस नको मला. परीक्षक तपासून होईपर्यंत चार पायांवर सरळ उभी राहिली, की ती कायमची तुमची. नाही राहिली तर त्याच दिवशी माझ्याबरोबर परत. दोन माणसं डोळा ठेवून आहेत हिच्यावर.’

‘अगं, पण—’

‘पणबिण काही नाही. चहा टाक.’

बायको बाजारातून आली तेव्हा ताई चहा पिऊन निघून गेली होती आणि पिल्लू बैठकीच्या खोलीत स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरत होतं.

‘हे काय?’

‘ताईनं दिलंय. सहा-सात महिन्यांसाठी. म्हणजे कदाचित कायमचं. म्हणजे तसं अजून आपलं नाही, पण—’

‘अहो, तुम्हाला तरी कळलंय का?’

‘नाही,’ तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

बायकोनं पिशवी खाली ठेवली, फिरणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं आणि त्याचं नाव फिरकी ठेवून टाकलं. आठवडाभरात दोघांची अवस्था अशी झाली की सकाळी उठल्यावर एकमेकांच्या आधी फिरकीची चौकशी व्हायची. घरी एकटी राहीना म्हणून तो तिला कामावर नेऊ लागला. खिडकीच्या आतल्या बाजूला टेबलाखाली जुनं पोतं अंथरलं की ती दिवसभर त्याच्या बुटांवर हनुवटी ठेवून पडायची. पाय अवघडले तरी तो हलवत नसे.

शिकवणारी माणसं दोन मिळाली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

दर बुधवारी संध्याकाळी एका शाळेच्या व्यायामशाळेत रिंगणाचा वर्ग भरे. तो घेणाऱ्या बाई शिडशिडीत, ताठ आणि कमी बोलणाऱ्या होत्या. हा वर्ग त्याच्याकडे आला. रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत अडथळ्यांच्या शर्यतीचा, ज्याला अ‍ॅजिलिटी म्हणतात त्याचा, वर्ग असे. तो शाळेतून निवृत्त झालेले एक ड्रिलमास्तर घेत. ताईनं हे सांगितलं नव्हतं, पण बायको म्हणाली, ‘पोरीच्या अंगात वारं भरलंय, ते कुठंतरी निघायला नको?’ रविवारी त्याची ड्यूटी असे, म्हणून तिकडे ती जाऊ लागली.

बाई सांगत: कुत्रं नेहमी डाव्या हाताला. धावायचं नाही, दुडक्या चालीनं चालायचं. नजर तुमच्या हातातल्या खाऊवर. मास्तर सांगत: डावीकडून, उजवीकडून, दोन्हीकडून. नजर पुढच्या अडथळ्यावर. ‘दुडकी चाल घोड्यांना ठेवा हो, पळू दे तिला!’ हाडं पक्की होईपर्यंत उडी मात्र नाही, म्हणून उडीच्या काठ्या जमिनीवरच ठेवलेल्या असत आणि फिरकी त्यांच्यावरून वाऱ्यासारखी जाई. कापडी बोगदा तर तिचा जीव की प्राण. एका तोंडानं आत शिरली की दुसऱ्या तोंडातून कान उलटे करूनच बाहेर पडायची.

त्यानं जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले, डावीकडे बाई, उजवीकडे मास्तर. तिकडचं बायको सांगेल तेवढंच लिही. दोन रकान्यांचा कुठेच मेळ बसेना. बाईंच्या रकान्यातलं पहिलंच वाक्य त्यानं दोनदा अधोरेखित केलं होतं: ‘बसायला अजिबात शिकवू नये. रिंगणात बसली की संपलं.’ बायकोनं ते कागद कधी वाचले नाहीत. ‘घरात एक वेळापत्रक कमी पडतंय का?’ म्हणाली.

फिरकी सहा महिन्यांची झाली आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. चांगली उभी असताना ती मधेच खाली बसायची. कुणी सांगितलेलं नाही, दमलेली नाही, आणि एकदम बसायची. त्यानं टिपून ठेवलं. सोमवारी अकरा वेळा, मंगळवारी चौदा, बुधवारी नऊ. मागचे पाय अधू असतील तर ती चार पायांवर उभी राहणार कशी? तो तिला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

‘डॉक्टर, ही मधेच बसते—’ फिरकी बसली. ‘हे बघा! आत्तासुद्धा!’

डॉक्टरांनी पाय ओढले, वाकवले, पाठीवर अंगठा फिरवला. ‘पाय उत्तम आहेत. हिला कुणी बसायला सांगतं का?’

‘छे! आमच्याकडे ते बंदच आहे.’

‘मग तिलाच विचारा बाबा.’

तो आणखी गोंधळून घरी आला.

उलगडा बायकोनं केला, तोही चुकून. तो चष्मा घरी विसरला होता आणि ती अर्ध्या रजेवर होती, म्हणून चष्मा घेऊन खिडकीच्या मागच्या दारानं आत आली. तो मायक्रोफोनपाशी वाकला होता.

‘कृपया लक्ष द्या. फलाट क्रमांक सातवरून सुटणारी बस—’ टेबलाखालून उठलेली फिरकी खाली बसली. ‘—वीस मिनिटं उशिरा सुटेल.’ फिरकी उठू लागली. ‘बसच्या प्रवाशांनी—’ फिरकी पुन्हा बसली.

बायको दाराची चौकट धरून हसत सुटली. ‘अहो, ती तुमचं ऐकतेय! इतकं तर मीसुद्धा कधी ऐकलं नाही तुमचं.’

‘माझं काय ऐकतेय?’

‘बस म्हणताय ना तुम्ही! दिवसभर!’

त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. ‘पण तिला हे शिकवलं कुणी?’

बायकोचं हसू थांबलं. ‘मी. मास्तर म्हणाले, सुरुवातीच्या रेषेवर बसल्याशिवाय सोडायचंच नाही.’

‘आणि बाई म्हणाल्या, बसली की संपलं.’

‘मग सांगायचं नाही का मला?’

‘रकान्यात लिहिलं होतं.’

‘घाला तो रकाना चुलीत!’

तेवढ्यात दारात डेपो मॅनेजर येऊन उभे राहिले. कुत्र्याबद्दल कुणीतरी त्यांचे कान भरले होते. ‘हे बघा चौकशी, मी आजवर काही बोललो नाही, पण हे नियमात बसत नाही.’ फिरकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अदबीनं बसली. ‘बरं, ती तरी बसली,’ मॅनेजर म्हणाले आणि आलेल्या पावली परत गेले.

प्रदर्शनाला सात आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवसापासून घरात आणि खिडकीत ‘बस’ हा शब्द बंद झाला.

ठरवणं सोपं होतं. पण आपल्या बोलण्यात काय काय बसतं हे त्याला तेव्हा कळलं. धक्का बसतो, चटका बसतो, कामाची घडी बसते, भांड्याचं झाकण घट्ट बसतं, कुणाच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही. सर्दीनं त्याचा आवाज बसला तर ‘घसा गेलाय’ असं सांगावं लागलं, आणि लोक हळहळत निघून गेले. वाढताना भात पुरे झाला की दोघं एकमेकांना हात आडवा करून दाखवत. शेजारचे म्हातारे आजोबा आले तेव्हा तो घाईघाईनं म्हणाला, ‘या, या, टेका.’

‘टेकू? कशाला?’

‘म्हणजे… आपलं असंच. टेका ना.’

आजोबा बुचकळ्यात पडले आणि पाच मिनिटं कपाटाला टेकून उभे राहिले.

खिडकीत तर रोजचीच लढाई. ‘बस किती वाजता?’ बाहेरचा माणूस विचारी. खिडकीबाहेरून आलेल्या ‘बस’कडे फिरकी ढुंकून पाहत नसे, आतलं माणूस म्हणालं तरच तिला कळे. पण उत्तर त्यालाच द्यायचं असे.

‘गाडी पावणेपाचला.’

‘गाडी नको हो मला, मी एकटाच आहे. बस नाही का?’

‘तीच ती.’

‘तीच म्हणजे कुठली?’

‘मोठी, लांबलचक, खिडक्यांची!’

माणूस जरा मागे सरके आणि खांबावरचा फलक स्वतःच वाचू लागे.

बाईंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, शब्द लपवून भागणार नाही, तो पुसायला हवा. ‘बस’ म्हणायचं आणि ती उभी राहिली तरच खाऊ द्यायचा. मास्तर म्हणाले, असलं काही करू नका, कुत्रं खुळं होईल. बसण्यासाठी दुसरा शब्द आणा. बायकोनं ‘टेक’ आणला. म्हणजे बुधवारी ‘बस’ म्हटलं की उभं राहायचं, रविवारी ‘टेक’ म्हटलं की बसायचं, आणि आजोबा आले की कुणी बसायचं नि कुणी उभं राहायचं याचा पत्ता कुणालाच नाही. फिरकीनं आपल्या परीनं तोड काढली. कुठलाही शब्द कानावर पडला की ती मागचे पाय अर्धे वाकवायची, ना धड उभी ना धड बसलेली, आणि तशीच थरथरत दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायची.

एका रविवारी रजा टाकून तो वखारीत गेला. जमिनीवरच्या काठ्या फिरकीनं ओलांडल्या, बोगद्यापाशी आली आणि तोंडाशीच थांबली. मान वळवून तिनं मागं पाहिलं. ‘जा, जा ना गं!’ बायको म्हणाली. फिरकीनं एक पाय आत ठेवला, बाहेर काढला आणि पुन्हा वळून पाहिलं.

‘पूर्वी बाणासारखी सुटायची,’ मास्तर हळू आवाजात म्हणाले.

ती नजर त्याच्या ओळखीची होती. खिडकीबाहेर हातात पिशव्या घेऊन उभी असलेली, गाडी चुकेल म्हणून भ्यालेली माणसं अशीच बघतात. त्याला फार वाईट वाटलं. तिला ठेवून घेण्यासाठी चाललेल्या खटाटोपात आपण तिचं हे काय करून ठेवलं?

त्या दिवसापासून त्यानं तिच्याशी बोलणंच सोडलं. शब्द नाही, हूं नाही की चूं नाही. नुसता तिच्या डाव्या बाजूनं चाले, थांबे, खाऊ धरी. आश्चर्य म्हणजे फिरकी उभी राहू लागली. पहिल्या आठवड्यात दहा सेकंद, मग तीस, मग पुरी दोन मिनिटं. बाईंनीही मान डोलावली. ‘तोंड उघडू नका म्हणजे झालं,’ म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी तिघं सकाळीच निघाली. मोठ्या सभागृहात भुंकण्याचा, पावडरचा आणि ओल्या केसांचा एकच कल्लोळ होता. त्याच्या दंडावर नंबर बांधला गेला. ताई पहिल्या रांगेत, मांडीवर काठी आडवी ठेवून बसली होती. तिनं फिरकीला डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदा पाहून घेतलं.

आधी तपासणीच्या टेबलावर फिरकी शहाण्यासारखी उभी राहिली. परीक्षक गृहस्थ उंच आणि सौम्य होते. त्यांनी दात पाहिले, छाती मोजल्यासारखा हात फिरवला, कान उचलून पाहिले. नंतर रिंगणात एक फेरी दुडक्या चालीनं झाली. चाल इतकी देखणी होती की ताई खुर्चीत पुढे सरकून बसली. आता शेवटचं, जमिनीवर उभं राहणं. फिरकी उभी राहिली, चारही पाय सरळ, मान वर. परीक्षक दोन पावलं मागं गेले, पुन्हा जवळ आले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि लिहिता लिहिता, आपलं माणुसकीनं विचारलं, ‘लांबून आलात वाटतं? इतक्या सकाळी कशानं आलात?’

तेवीस वर्षं. प्रश्न आला की उत्तर.

‘साडेसातची थेट बस,’ तो म्हणाला. ‘रोज असते. फलाट क्रमांक दोन.’

फिरकी बसली. बरेच आठवडे अर्धीमुर्धी वाकणारी ती पोर आज मात्र पक्की, व्यवस्थित बसली.

‘उभी,’ तो पुटपुटला. ती अर्धी उठली, थबकली, त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. ‘नाही, म्हणजे… अगं, उभी!’ ती पुन्हा वाकली. कुणीतरी हसलं. परीक्षकांनी बराच वेळ वाट पाहिली, मग मान किंचित झुकवली आणि पुढच्या कुत्र्याकडे वळले.

रिंगणाबाहेर ताई उभी होती. ‘दोर दे,’ म्हणाली.

‘वन्सं, तो दोष तिचा नाही हो,’ बायको मधे पडली. ‘तिला आम्ही दोघांनी मिळून…’

‘अट म्हणजे अट. दे दोर.’

त्यानं दोर दिला. हात रिकामा झाला तसा त्याला तो कुठे ठेवावा कळेना. ताई काठी टेकत निघाली, फिरकीही तिच्या डावीकडून निघाली. दहा पावलं गेली आणि थांबली. मान वळवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. ताईनं जिभेनं टकटक आवाज काढला. तीस वर्षं कुत्री ज्या आवाजावर चालली तो आवाज होता. फिरकी सहा पावलं गेली, थांबली, वळून पाहिलं. ताईनं खिशातून बिस्कीट काढलं. फिरकीनं ते हळूच घेतलं, खाल्लं आणि पुन्हा मागं पाहिलं.

ताई तशीच उभी राहिली. मग परत आली.

‘ही पावलापावलाला तुला विचारतेय.’

‘मी तसं काही शिकवलं नाही, ताई.’

‘ठाऊक आहे. असलं शिकवून येत नाही, बिघडवून येतं.’ तिचा चेहरा लाल झाला होता. ‘काय चाल आहे हिची! हिच्या आजीची चाल. आणि रिंगणात कुत्रं कसं असायला हवं, स्वतःच्या तोऱ्यात! धन्याच्या तोंडाकडे बघत बसणारं नव्हे. आता ही कुणाच्याच हातात उभी राहायची नाही.’

‘मग?’

‘मग काय मग! मी नेऊन काय करू हिचं?’ तिनं दोर त्याच्या हातात कोंबला. ‘हिच्यावर डोळा ठेवून असलेल्या त्या दोघांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.’

‘ताई, पुढच्या वर्षी आम्ही—’

‘तू आता तोंड उघडू नकोस.’ ती वळली आणि आपल्या खुर्चीकडे गेली.

बायकोनं खाली वाकून फिरकीला जवळ ओढलं. ‘म्हणजे मिळाली का आपल्याला?’ तिनं दबक्या आवाजात विचारलं.

‘बहुतेक.’

‘बहुतेक काय? हो की नाही?’

‘हो. तसं हो.’

आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण मोकळेपणानं होईना. नीट शिकवली असती तरी ती मिळाली असती. बिघडवली म्हणूनही मिळाली. मग मधल्या साडेसहा महिन्यांत आपण नेमकं केलं तरी काय, हे त्याला काही केल्या उमगेना. आणि पलीकडे पहिल्या रांगेत ताईची पाठ दिसत होती. रिंगणात आता दुसऱ्याच कुणाची कुत्री दुडकत होती.

तो थोडा वेळ घुटमळला. मग फिरकीला घेऊन तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेला आणि बसला. ताईनं वळून पाहिलं नाही. खूप वेळानं, रिंगणावरची नजर न काढता, तिनं विचारलं, ‘हिचे कान रोज विंचरतोस का?’

‘एक दिवसाआड.’

‘रोज विंचर,’ ताई म्हणाली. ‘गुंता होतो.’